दीड मीटरचे अंतर

तंजावर शहराच्या उत्तरेस सुमारे बारा-तेरा किलोमीटरांवर, कावेरीच्या उत्तर तीरावर तिरुवैयारु हे गाव वसलेले आहे. तमिळ भाषेत ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. ‘तिरु’ हा आदरार्थी उपसर्ग होय. पाच नद्यांचे पवित्र गाव, असा या नावाचा अर्थ. येथील शिवमंदिरातील देवताही पंचनदीश्वर म्हणूनच ओळखली जाते. संगीतकार त्यागराज यांचे वास्तव्य याच गावी होते. १८४७ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी भारतभरचे गायक-वादक एकत्र येतात. मराठी वाचकास हा प्रदेश अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याची सत्ता होती, आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदपत्रांचा मोठा संग्रह आजही जपलेला आहे.

तंजावरहून तिरुवैयारुला जाणारा रस्ता वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी या पाच प्रवाहांना एकामागून एक ओलांडतो. सबब या रस्त्यावर जाणाऱ्यास थोड्याथोड्या अंतराने पूल लागतात. पुलांच्या अधूनमधून भातशेती, केळीच्या बागा आणि नारळीची झाडे आहेत. अशा रस्त्यावर सायकल ही केवळ हौसेची वस्तू असत नाही. शाळेस जाणारी मुलगी, केळीच्या पानांचा भारा कॅरिअरवर बांधून बाजाराकडे निघालेला शेतकरी, दुधाच्या किटल्या अडकविलेला गवळी, या सर्वांचे ते वाहन आहे. त्याच रस्त्यावरून बस, मालट्रक आणि मोटारी धावतात. पुलाच्या कठड्यालगत सायकल चाललेली असताना मागून मोठी गाडी आली व चालकाने वेग न आवरता तिला मागे टाकले, तर दोहोंमध्ये किती जागा उरते? किती उरावयास पाहिजे? आणि ती उरावी म्हणून पोलिसांना काय करता येईल? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पहिले दोन प्रश्न पदार्थविज्ञानाचे व मोजमापाचे आहेत. तिसऱ्याचे उत्तर इंग्लंडमधील दोन पोलिसांनी केलेल्या एका प्रयोगात सापडते.

न नोंदलेली घटना

भारतात २०२२ या वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. हा आकडा मोठा आहे. तथापि त्याने संपूर्ण हकीकत कळत नाही. अहवालात नोंद होते ती धडक झाली तरच. गाडी सायकलला खेटून गेली, हँडल डळमळले, मुलीने घाबरून पाय जमिनीवर टेकला आणि गाडी पुढे निघून गेली, अशा घटनेची नोंद कोठेच होत नाही. चालकाच्या मते तर काही घडलेलेच नसते. ‘लागले तर नाही ना?’ एवढ्या एकाच प्रश्नाने तो स्वतःस निर्दोष ठरवितो.

परंतु ज्याच्यावर हा प्रसंग ओढवतो त्याच्या दृष्टीने पुष्कळ काही घडलेले असते. लंडन येथील संशोधिका रेचेल ऑल्ड्रेड यांनी २०१४ व २०१५ साली थोडक्यात टळलेल्या अपघातांची पाहणी केली. सायकलस्वारांनी आपल्या एका दिवसाच्या प्रवासातील असे सर्व प्रसंग लिहून द्यावयाचे, अशी तिची पद्धत होती. ताशी सुमारे १३ किलोमीटरांहून कमी वेगाने जाणाऱ्यांना, ताशी १९ किलोमीटरांहून अधिक वेगाने जाणाऱ्यांच्या मानाने, दर मैलामागे असे प्रसंग सुमारे तिप्पट आढळले. सावकाश जाणाऱ्यास मागून येणारी अधिक वाहने ओलांडून जातात, हे त्याचे उघड कारण. ओझे लादलेला शेतकरी किंवा दप्तर अडकवून निघालेली मुलगी सावकाशच जाणार. म्हणजे ज्यांच्यापाशी बळ कमी, त्यांच्याच वाट्याला भय अधिक येते.

या भयाचा परिणाम दूरवर पोहोचतो. तिरुवैयारुच्या दक्षिणेकडील शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी अक्षरओळखीच्या जोडीला सायकल शिकविण्याचाही कार्यक्रम घेतला आणि खेड्यापाड्यांतील हजारो स्त्रिया त्या काळात सायकल चालवू लागल्या. पुढे तमिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकली देण्याची योजना आखली. बिहारमध्ये २००६ साली शाळकरी मुलींसाठी अशीच योजना सुरू झाली. तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की, मुलींची माध्यमिक शाळेतील भरती ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्या प्रमाणांतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. सायकलीने मुलीची शाळा जवळ येते ती अशी. पण दररोज दोनदा पुलावर जीव मुठीत धरावा लागला, तर घरची माणसे ती सायकल भिंतीला टेकवून ठेवतात. अपघातांच्या तक्त्यात या नुकसानीस रकाना नाही.

सायकलचा तोल

सायकल सरळ रेषेत चालते असे आपणांस वाटते, पण वस्तुतः ती नागमोडी चालत असते. चालणारी सायकल क्षणोक्षणी या ना त्या बाजूस कलते. ज्या बाजूस ती कलेल त्या बाजूस स्वार हँडल किंचित वळवितो, चाके देहाच्या भाराखाली पुन्हा येतात आणि तोल सावरतो. ओल्या रस्त्यावर उमटलेला चाकाचा माग पाहिला म्हणजे ही लहानशी वळणे स्पष्ट दिसतात. वेग जितका कमी, तितकी ही वळणे मोठी.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. ती बहुतेक सायकलस्वारांच्या ध्यानातही येत नाही. विमानाचे जनक विल्बर राइट हे मूळचे सायकलींचे व्यापारी. त्यांनी ती ओळखली होती. सायकल डावीकडे वळवावयाची असेल, तर प्रथम ती डावीकडे कलली पाहिजे. देह डावीकडे कलावा म्हणून चाके त्याच्याखालून किंचित उजवीकडे सरकली पाहिजेत. अर्थात डावीकडे जाण्यासाठी हँडल प्रथम क्षणभर उजवीकडे वळवावे लागते. स्वाराचे हात हे काम नकळत करीत असतात.

आता पुलावरील परिस्थिती पाहू. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. सबब मागून येणारी बस सायकलच्या उजवीकडून पुढे जाते. घाबरलेल्या स्वारास डावीकडे सरावयाचे असते. परंतु डावीकडे सरण्याची सुरुवातच उजवीकडे, म्हणजे बसच्या दिशेने, काही सेंटिमीटर सरकण्याने होते. बस अगदी खेटून असेल, तर तेवढीही जागा नसते. उलटपक्षी, जो स्वार भीतीपोटी आधीच कठड्यास चिकटून चालला आहे, त्याला कठड्यापासून दूर होण्यासाठी प्रथम कठड्याच्याच दिशेने वळावे लागेल. एका बाजूस कठडा व दुसऱ्या बाजूस बस असताना सायकलस्वाराचे सारे कौशल्य निरुपयोगी ठरते. ‘अजून कडेने जा’ असा सल्ला त्याला वारंवार दिला जातो; पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तो सल्ला चुकीचा आहे.

हवेचा रेटा आणि ओढ

बसने सायकलला स्पर्श न करताही तिचा तोल बिघडू शकतो. धावणारी बस समोरची हवा दोन्ही बाजूंस लोटीत पुढे जाते. तिचा दर्शनी भाग सायकलपाशी येतो तेव्हा स्वारास बाहेरच्या बाजूस, म्हणजे डावीकडे, रेटा बसतो. स्वार साहजिकच उजवीकडे झुकून त्यास तोंड देतो. पण पुढच्याच क्षणी बसचा लांब पार्श्वभाग शेजारी येतो. तेथे वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी असतो. रेटा नाहीसा होऊन त्याच्या जागी बसच्या दिशेने ओढ निर्माण होते, आणि स्वार तर आधीच त्या बाजूस झुकलेला असतो. हे सर्व एका सेकंदाच्या आत घडते.

हवेचे हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. ताशी ४० किलोमीटरांनी जाणाऱ्या बसपेक्षा ताशी ८० किलोमीटरांनी जाणारी बस चारपट जोराने रेटते. अंतर वाढविले असता मात्र हा परिणाम झपाट्याने कमी होतो. म्हणूनच वेग अधिक असेल तेथे अंतरही अधिक ठेवावे, असा नियम अनेक देशांनी केला आहे.

याशिवाय चालकाची एक खरी अडचण आहे, तीही नमूद केली पाहिजे. आपल्या देशात चालक गाडीच्या उजव्या बाजूस बसतो आणि सायकल त्याच्या डावीकडे असते. म्हणजे जे अंतर त्याने राखावयाचे, ते गाडीच्या पूर्ण रुंदीपलीकडे असते. तेथे उरलेली जागा एक मीटर आहे की अर्धा, हे त्याला नजरेने नीट ठरविता येत नाही. शिवाय लांब गाडीचा पुढचा भाग सायकलच्या पुढे गेला की चालकास वाटते, ओलांडून झाले. तो गाडी डावीकडे घेतो, आणि मागचा भाग अद्याप सायकलच्या शेजारीच असतो.

अंतर मोजण्याची रीत

चालकांचा अंदाज चुकतो, एवढे म्हणून विज्ञानाचे समाधान होत नाही. अंतर मोजले पाहिजे. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी २००६ मध्ये आपल्या सायकलवर असे मोजमाप करणारे उपकरण बसविले. त्याचे तत्त्व सोपे आहे. मानवी कानास ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येचा ध्वनी उजवीकडे सोडावयाचा, शेजारून जाणाऱ्या गाडीवर आपटून तो परत येण्यास किती वेळ लागला ते मोजावयाचे, आणि त्यावरून अंतर काढावयाचे. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. गाडी दीड मीटरवर असेल, तर जाऊन येऊन तीन मीटरांचा हा प्रवास सेकंदाच्या सुमारे ११५ व्या हिश्शात पुरा होतो.

वॉकर यांनी दोन हजारांहून अधिक वाहनांची नोंद केली. मोटारींच्या तुलनेत ट्रक सरासरीने सुमारे १९ सेंटिमीटर, तर बस सुमारे २३ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. जी वाहने सर्वांत अवजड, तीच सर्वांत जवळून जातात असा याचा अर्थ होतो. डोक्यावर शिरस्त्राण घातले असता चालक किंचित अधिक जवळून जातात, असाही एक निष्कर्ष त्यांनी काढला होता. त्याविषयी मात्र पुढे इतर संशोधकांनी त्याच आकड्यांची फेरतपासणी करून मतभेद व्यक्त केला. नंतरच्या एका प्रयोगात वॉकर व त्यांचे सहकारी यांनी सायकलस्वारास सात निरनिराळ्या प्रकारचे पोशाख घालून पाहिले. पोशाख कोणताही असो, शंभरांपैकी एक ते दोन चालक ५० सेंटिमीटरांहूनही कमी अंतरावरून गेलेच. यावरून उघड होते की, भडक रंगाचा सदरा घालण्याचा उपदेश सायकलस्वारास करून हा प्रश्न सुटणारा नाही. बदल चालकाच्या वागण्यात व्हावयास पाहिजे.

बर्लिन येथील एका दैनिकाने २०१८ साली शंभर वाचकांच्या सायकलींवर अशीच उपकरणे बसविली. नोंदलेल्या सुमारे १६,७०० प्रसंगांपैकी निम्म्याहून अधिक प्रसंगी गाड्या दीड मीटरांहून कमी अंतरावरून गेल्याचे दिसले. खेटून जाणे हा काही थोड्या बेफिकीर माणसांचा दोष नसून पुष्कळांची सवय आहे, हे त्या मोजणीने सिद्ध केले.

बर्मिंगहॅमचा प्रयोग

इंग्लंडच्या मध्यभागी बर्मिंगहॅम हे उद्योगनगर आहे. तेथील वेस्ट मिडलंड्स पोलीस दलात मार्क हॉडसन व स्टीव्ह हडसन हे दोन वाहतूक पोलीस होते. सायकलस्वारांच्या गंभीर अपघातांच्या नोंदी तपासताना त्यांना असे दिसले की, सायकलस्वारांस दंड करण्यात पोलिसांनी वेळ घालविण्यापेक्षा मोटारचालकांचे लक्ष सायकलीकडे वेधणे अधिक हितकारक ठरेल. चालक सायकलस्वारास पाहतच नाहीत, ही अपघातांमागची मुख्य गोष्ट होती. त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०१६ मध्ये एक मोहीम सुरू झाली.

तिची रीत येणेप्रमाणे होती. एक पोलीस साध्या वेशात, नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यावरून सायकलने निघे. सायकलीवर कॅमेरा असे. एखादी गाडी खेटून गेली की तो बिनतारी यंत्रावरून पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्यास तिचे वर्णन कळवी, आणि गणवेशातील तो पोलीस गाडी थांबवी. चालकापुढे दोन मार्ग ठेवले जात. बेपर्वाईने गाडी हाकल्याबद्दल खटल्यास सामोरे जावे, किंवा रस्त्याच्या कडेस सुमारे पाव तास थांबून शिकून घ्यावे. ज्यांचे वर्तन अतिशय धोकादायक असे, त्यांना हा दुसरा मार्ग मिळत नसे.

त्या पाव तासात काय शिकवीत? जमिनीवर एक मोठी चटई अंथरलेली असे. तिच्यावर सायकल, रस्त्याची कड व गाडी यांच्या जागा खऱ्या मापाने आखलेल्या असत. सायकलस्वार अगदी कडेने का चालत नाही, त्याच्या उजवीकडे दीड मीटर म्हणजे प्रत्यक्षात किती जागा, हे चालक उभ्याने आपल्या डोळ्यांनी पाही. पुष्कळांच्या चुकीचे मूळ दुष्टपणात नसून अज्ञानात होते. त्यांनी दीड मीटर ही लांबी आपल्या गाडीच्या बाहेर कधी पाहिलीच नव्हती. पुढे ब्रिटनमधील सायकलस्वारांच्या एका संघटनेने लोकवर्गणी गोळा करून अशा चटया देशातील इतर पोलीस दलांना पुरविल्या.

या मोहिमेसंबंधी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती सुरू झाली त्या वेळी ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत दीड मीटरचा आकडा नव्हता. पोलिसांनी आधार घेतला तो बेपर्वाईने गाडी चालविण्याविरुद्धच्या जुन्याच कायद्याचा. दीड मीटर हे चालकास समजावून सांगण्याचे माप होते. नियमावलीत तो आकडा आला २९ जानेवारी २०२२ पासून. ताशी ३० मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरांपर्यंतच्या वेगास किमान दीड मीटर आणि त्याहून अधिक वेगास त्याहून अधिक जागा सोडावी, असे ती आता सांगते.

पहिल्या वर्षात त्या भागातील मृत व गंभीर जखमी सायकलस्वारांची संख्या सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे पोलिसांनी जाहीर केले. या आकड्याचा आनंद मानताना सावधगिरीही बाळगली पाहिजे. अपघातांची संख्या दरवर्षी आपोआपही कमी-अधिक होत असते. एका भागातील एका वर्षाच्या घटीवरून ती मोहिमेमुळेच झाली असे सिद्ध होत नाही. तथापि थोड्या खर्चात, थोड्या माणसांनिशी आणि नवा कायदा न करता हे काम करता येते, एवढे या प्रयोगाने निश्चित दाखविले.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग धरले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने १९७३ सालीच सायकलपासून तीन फूट अंतर सोडण्याचा कायदा केला. टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहराच्या पोलिसांनी २०१५ मध्ये आपल्या सायकलींवर ध्वनीने अंतर मोजणारे यंत्र बसविले. गाडी तीन फुटांच्या आत आली की त्याच्या पडद्यावर अंतराचा आकडा उमटे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात २०१४ पासून ताशी ६० किलोमीटरांपर्यंत एक मीटर व त्यापुढे दीड मीटर असा नियम लागू झाला. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीत दीड मीटर व वस्तीबाहेर दोन मीटर असे माप ठरविले. आकडे वेगळे असले, तरी त्यांमागील तत्त्व एकच आहे. ‘पुरेसे अंतर’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक चालक आपल्या सोयीने लावतो. मीटरचा अर्थ सर्वांना सारखाच असतो.

पुलावरील हिशेब

हे माप घेऊन आता पाच नद्यांच्या रस्त्याकडे परत येऊ. आपल्याकडील नेहमीच्या दुपदरी रस्त्याची डांबरी रुंदी सात मीटर धरतात. सायकलचे चाक कडेपासून अर्ध्या मीटरवर चालले आहे असे समजा. हँडलची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर. तेव्हा त्याचे उजवे टोक कडेपासून ८० सेंटिमीटरांवर येते. त्यापुढे दीड मीटर मोकळी जागा सोडली की २.३ मीटर झाले. मोठ्या बसची रुंदी सुमारे अडीच मीटर. म्हणजे बसची उजवी बाजू कडेपासून ४.८ मीटरांवर पोहोचते. रस्त्याचा मध्य ३.५ मीटरांवर असतो. याचा अर्थ असा की, बसला मध्यरेषेपलीकडे १.३ मीटर गेल्यावाचून सायकलला सुरक्षितपणे मागे टाकता येत नाही, आणि समोरून येणाऱ्या वाहनास मग २.२ मीटरच उरतात. समोरून बस किंवा ट्रक येत असेल, तर हे अशक्य आहे. साडेपाच मीटर रुंदीच्या रस्त्यावर पलीकडे केवळ ७० सेंटिमीटर उरतात. पावणेचार मीटरच्या एकेरी पट्ट्यावर तर रस्ताच १.०५ मीटरने अपुरा पडतो. केळीच्या पानांचा भारा हँडलच्याही बाहेर आलेला असला, तर माप भाऱ्याच्या टोकापासून धरावयास पाहिजे आणि हिशेब आणखी कठीण होतो.

मग अरुंद पुलावर चालकाने करावे काय? उत्तर एकच आहे: पूल संपेपर्यंत सायकलच्या मागे राहावे. हे ऐकून चालक म्हणेल, ‘एवढा वेळ कोणापाशी आहे?’ तो वेळही मोजता येतो. शंभर मीटर लांबीचा पूल घ्या. ताशी १२ किलोमीटरांनी जाणारी सायकल तो ३० सेकंदांत ओलांडते. ताशी ४० किलोमीटरांनी जाणाऱ्या बसला ९ सेकंद लागतात. मागे राहिल्याने बसचे २१ सेकंद अधिक गेले. पाचही पुलांवर प्रत्येकी एक सायकलस्वार भेटला आणि प्रत्येक पूल शंभर मीटरचा धरला, तरी साऱ्या प्रवासात पावणेदोन मिनिटांचा विलंब होईल. जेथे जागा देता येत नाही तेथे वेळ द्यावयाचा, आणि त्या वेळेची किंमत एवढीच आहे.

काय करता येईल

भारतातील मोटार वाहन कायदा १९८८ चा असून २०१९ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. धोकादायक रीतीने वाहन चालविण्यासंबंधीच्या १८४ व्या कलमात, नियमांविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनास मागे टाकणे याचा आता स्पष्ट समावेश आहे. पहिल्या गुन्ह्यास एक हजार ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या कलमात सेंटिमीटरांचा आकडा नाही, ही गोष्ट खरी. पण बर्मिंगहॅमच्या पोलिसांपाशीही तो नव्हता. जुन्या कायद्याला त्यांनी नव्या मापाची जोड दिली.

तिरुवैयारुसारख्या ठिकाणी अशा प्रयोगास फारशी सामग्री लागणार नाही. दोन-तीन शिपाई, एक साधी सायकल, एक कॅमेरा आणि चटईऐवजी पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेस पांढऱ्या रंगाने आखलेली सायकलची व बसची खरी मापे, एवढ्यावर काम भागेल. बसचालकांना, पहिल्या दिवशी दंडाची पावती देण्याऐवजी, त्या आखणीवर उभे करून शेजारून दुसरी बस जाताना दाखविली, तर सायकलवरून ती कशी भासते हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. मोहीम सुरू करण्यापूर्वी काही दिवस अंतरांची मोजणी करावी आणि नंतर पुन्हा तेवढेच दिवस करावी, म्हणजे सुधारणा खरोखर झाली की नाही हे कळेल. मोजणीवाचून केलेल्या मोहिमा आठवड्याभरात विसरल्या जातात.

पोलिसांच्या हातात सर्व काही नाही, हेही मान्य केले पाहिजे. पूल बांधताना सायकलसाठी स्वतंत्र पट्टा ठेवणे हे अभियंत्यांचे काम आहे, आणि वेळापत्रक आखताना बसचालकाच्या पदरी दोन मिनिटे अधिक टाकणे हे परिवहन खात्याचे. सायकलस्वारानेही रात्री दिवा व मागील बाजूस लाल परावर्तक लावावा, वळण्यापूर्वी हाताने खूण करावी आणि कठड्यास चिकटून न चालता थोडी जागा राखून सरळ चालावे. परंतु या सर्वांची वाट पाहत चालकाने थांबण्याचे कारण नाही. सायकल दिसली की वेग कमी करावा. समोरचा रस्ता मोकळा असेल तर दीड मीटर जागा सोडून पुढे जावे. मोकळा नसेल तर मागे राहावे. हे करण्यास नवा पूल लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

कावेरीवरील शेवटचा पूल ओलांडला की तिरुवैयारु येते. शाळेची घंटा होण्यापूर्वी तेथे पोहोचावयास निघालेल्या मुलीस त्या पुलावर अर्धा मिनिट लागतो. तेवढा अर्धा मिनिट मागच्या गाडीने तिला द्यावा, एवढीच या साऱ्या विज्ञानाची व कायद्याची मागणी आहे.